एक आण्याचं जेवण

चेन्नईत ‘थाउझंड लाइट्स’ नावाचा भाग आहे. तिथल्या शिया मशिदीवरून हे नाव पडलं. एकेकाळी तिथे हजार दिवे लावले जात, असं सांगतात. याच भागातल्या महापालिकेच्या शाळेत १९२० साली गरीब मुलांना दुपारचं जेवण द्यायचा ठराव झाला. जस्टिस पक्षाचे पी. त्यागराय चेट्टी तेव्हा मद्रास महापालिकेचे अध्यक्ष होते. दर मुलामागे रोजचा खर्च एक आण्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, अशी अट होती. पोरं शाळेत येऊ लागली, टिकू लागली. पण प्राथमिक शिक्षणाचा पैसा जेवणावर खर्च करता येणार नाही, असं सांगून इंग्रज सरकारने १९२५ मध्ये ही योजना थांबवली. जणू भुकेल्या पोराला शिकवण्याचा एखादा वेगळा मार्ग त्यांना ठाऊक होता!

पुढे १९५६ मध्ये कामराजांनी हे जेवण राज्यभर नेलं. त्यांना स्वतःला शाळा अर्धवट सोडावी लागली होती. १९८२ मध्ये एमजीआर यांनी योजना फार मोठी केली. ही लोकांना खूश करण्याची उधळपट्टी आहे, अशी टीका तेव्हा झाली. बालपणी उपाशी राहिलेल्या त्या माणसाने ती मनावर घेतली नाही.

केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला आली, पण बहुतेक राज्यांत शाळेत चूल पेटलीच नाही. ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला तीन किलो धान्य, एवढंच. आमच्या गल्लीतली पोरं पिशवी घेऊन रांगेत उभी राहायची, ते आठवतं. तांदूळ घरी यायचा, सगळ्या घराच्या हंडीत जायचा. ज्याच्या नावाचा तो होता, त्याच्या वाट्याला किती येई कोण जाणे.

२००१ मध्ये राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामांत धान्य पडून होतं. पीयूसीएल सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने न्यायालयाने शिजवलेलंच अन्न द्यायला सांगितलं: किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षात किमान २०० दिवस. २००४ च्या आदेशात स्वयंपाकी नेमताना दलित, आदिवासींना प्राधान्य द्या, असंही म्हटलं. मला हा आदेश कॅलरींइतकाच महत्त्वाचा वाटतो. कारण खरं भांडण तिथेच पेटलं. दलित बाईच्या हातचं नको म्हणून मुलांचे डबे घरून आल्याच्या बातम्या आजही येतात.

आता तेच अंड्यावरून चालू आहे. तामिळनाडूने १९८९ मध्येच मुलांच्या ताटात अंडं वाढलं. महाराष्ट्रात ते यायला २०२३ उजाडलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने त्यासाठीचा निधी बंद केला. हवं असेल तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावं, असं सांगितलं. ज्या वस्तीतल्या पोरांना अंड्याची सर्वाधिक गरज, तिथे वर्गणी कोण देणार?