कारणाचा रकाना : विजया, झोप आणि स्वस्थ न बसणारे पाय



राजूरला बोलायला उभं राहिलं की विषय शोधावा लागत नाही. आजचाही विषय गेल्या खेपेला इथेच मिळाला. व्याख्यान संपून चहा चालू होता, तेव्हा एक बाबा जवळ आले. म्हणाले, "सर, आमची म्हातारी रातची झोपत नाही. आडवी झाली की पाय वळवळायला लागतात. दुखत नाहीत म्हणते, पण ठेवू देत नाहीत. उठून अंगणात चालली की थांबतं, परत पडली की सुरू. एकानं सांगितलं, चिमूटभर गांजा द्या, गप झोपेल. पूर्वीची माणसं घेतच होती ना? मग आता त्याचा गुन्हा कसा झाला?"

आम्ही त्या दिवशी उत्तर दिलं नाही. आम्ही डॉक्टर नाही. पण त्या प्रश्नाचा अर्धा भाग इतिहासाचा होता. 'पूर्वीची माणसं घेत होती' हे खरं का, आणि घेत असतील तर कशासाठी, हे कागदावर तपासता येतं. तेच आज करू.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करता येते. सोळाव्या शतकात गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य राहत होता. तो १५३४ साली हिंदुस्थानात आला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा हा त्याच्या बड्या रुग्णांपैकी एक. त्यामुळे ओर्ताचं नगरला जाणंयेणं होतं आणि दरबारातल्या हकिमांशी त्याच्या चर्चा होत. १५६३ साली त्यानं गोव्यात आपलं पुस्तक छापलं. दोन माणसांच्या संवादातून इथल्या औषधी वनस्पतींची माहिती, अशी त्याची रचना आहे. त्यातला एक संवाद भांगेवर आहे.

ओर्ता स्वतः भांग घेत नव्हता. पण त्यानं नोंदवलेल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक त्याच्या नोकरांची. भांग घेतली की कामाचा शीण जाणवत नाही आणि भूक लागते, असं ते त्याला सांगत. दुसरी जुन्या सरदारांची. मोहिमांची दगदग आणि रात्र रात्र जागरण, यातून सुटका व्हावी, झोप लागावी म्हणून ते भांग घेत, असं त्यानं ऐकलं होतं. म्हणजे बाबांच्या प्रश्नातली पहिली बाजू खरी ठरली. झोपेसाठी ही वनस्पती घेतली जात होती, आणि ते साडेचारशे वर्षांपूर्वी छापून ठेवणारा माणूस नगरच्या सुलतानाचा वैद्य होता.

वैद्यांच्या ग्रंथांत ती त्याहून जुनी आहे. तिथे तिचं भारदस्त नाव विजया. पचन पूर्ण होण्याआधीच अंगभर पसरणाऱ्या द्रव्यांना शार्ङ्गधरानं 'व्यवायी' म्हटलं आणि उदाहरणं दिली दोन, भांग आणि अफू. पुढे भावप्रकाशात तिचे गुण आले. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. हे वैद्य तिला शुद्ध करून, मापून, इतर द्रव्यांत मिसळून देत. चुलीपाशी बसून ओढलेली चिलीम आणि वैद्यानं दिलेली मात्रा या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आजही आयुर्वेदिक औषधांच्या कायद्यात भांग अनुसूची ई-१ मध्ये येते, म्हणजे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायच्या द्रव्यांत.

पुढची पायरी कलकत्त्याची. विल्यम ओ'शॉनेसी हा तिथल्या मेडिकल कॉलेजातला तरुण आयरिश डॉक्टर. १८३९ साली त्यानं गांजावरचे आपले प्रयोग मांडले. आधी जनावरांवर, मग संधिवात, पटकी आणि धनुर्वाताच्या रुग्णांवर. धनुर्वात बरा होतो असा त्याचा दावा नव्हता, पण झटके सैल पडतात हे त्यानं पाहिलं. ताणलेला स्नायू सैल पडतो, ही गोष्ट युरोपीय वैद्यकानं हिंदुस्थानातून उचलली. थोड्याच वर्षांत लंडनच्या औषधांच्या दुकानांत गांजाचा अर्क बाटलीत मिळू लागला.

१८९० साली लंडनच्या डॉक्टर रेनॉल्ड्स यांनी आपला तीस वर्षांचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये छापला. म्हातारपणी रात्री झोप न लागणं, उठून घरात भटकणं, यावर त्यांना हा अर्क फार उपयोगी वाटला. बाबांच्या घरातलंच चित्र म्हणा ना! पण त्याच लेखात त्यांनी बजावलं की प्रत्येक बाटलीची ताकद वेगळी असते, म्हणून थोड्यापासून सुरुवात करा. या अडचणीवर त्या काळी तोडगा निघाला नाही. गांजा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे त्याचं इंजेक्शन होईना. झोपेच्या नव्या, मोजून घेता येणाऱ्या गोळ्या आल्या. १९३२ साली ब्रिटिश औषधकोशातून आणि १९४२ साली अमेरिकन औषधकोशातून गांजा गेला. म्हणजे औषध म्हणून त्याचा अस्त झाला त्यात कायद्याचा वाटा होता, तसा मात्रेच्या बेभरवशाचाही होता.

आता कायद्याकडे येऊ. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला की गांजानं हिंदुस्थानातली माणसं वेडी होतात, त्याचं सरकार काय करतं? त्यावर चौकशी आयोग नेमला गेला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सभासदांपैकी तीन हिंदी होते. ११९३ साक्षीदार तपासले. मुंबई इलाख्यात परवान्यानं गांजा पिकवणाऱ्या जिल्ह्यांत आपलं नगर ठळक होतं, त्यामुळे त्या कागदपत्रांत आपला जिल्हा येतो. गांजा घरगुती औषध म्हणून सर्रास वापरला जातो, हेही आयोगानं लिहून ठेवलं.

पण आम्हाला त्या अहवालातली सर्वांत मोलाची वाटते ती वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांची तपासणी. या वह्यांत 'वेडाचं कारण' असा एक रकाना असे. पुष्कळ रुग्णांपुढे तिथे लिहिलेलं होतं, 'गांजा'. आयोगानं विचारलं, हे लिहिलं कोणी? तर अनेकदा रुग्णाला आणून सोडणाऱ्या पोलिसानं किंवा मॅजिस्ट्रेटच्या कचेरीनं. माणूस गांजा ओढतो एवढं कळलं की रकाना भरला. आयोगानं एकेक प्रकरण गावापर्यंत मागे नेऊन पाहिलं, आणि बरीचशी 'कारणं' टिकली नाहीत. निष्कर्ष निघाला की बेताच्या वापरानं फारसा अपाय होत नाही, अतिरेकानं होतो, म्हणून सरसकट बंदी नको, कर आणि नियंत्रण ठेवा.

हा रकाना ध्यानात ठेवा. आपल्याला त्याच्याकडे परत यायचंय.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९६१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला. १९८५ साली भारतानं अंमली पदार्थांचा कायदा केला. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळांचे शेंडे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग राज्यांच्या कायद्यांवर राहिली आणि महाराष्ट्रात ती परवान्याशिवाय चालत नाही. परसात झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. एक किलोपर्यंतचा गांजा बाळगला तर एक वर्षापर्यंत कैद. 'आजीच्या पायासाठी लावलं होतं' हे सांगून सुटका होत नाही. २०२० साली संयुक्त राष्ट्रांनी गांजाला अतिकडक यादीतून काढलं, भारतानंही बाजूनं मत दिलं. तरी घरचा कायदा तोच राहिला.

इथवर वनस्पतीचा इतिहास झाला. पण आजीच्या पायांचाही एक इतिहास आहे, आणि गंमत अशी की हे दोन इतिहास शेकडो वर्षं एकमेकांना भेटलेच नाहीत.

१६७२ साली इंग्लंडच्या थॉमस विलिस या वैद्यानं अंथरुणात हातपाय स्वस्थ न राहणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं. त्यांची रात्र म्हणजे छळ असतो, हे त्यानं ओळखलं. त्यानं दिली ती अफू, गांजा नव्हे. नंतर जवळपास पावणेतीनशे वर्षं हा त्रास 'मनाचे खेळ' म्हणून बाजूला पडला. १९४५ साली स्वीडनच्या कार्ल-आक्सेल एकबोम यांनी अनेक रुग्ण पाहून त्याला नाव दिलं, रेस्टलेस लेग्ज, म्हणजे अस्वस्थ पाय. खुणा चार. पाय हलवावेसे वाटतात, बसल्या-पडल्या वाढतं, चाललं की कमी होतं, आणि संध्याकाळी-रात्री जोर करतं. बाबांनी चहाच्या कपासोबत चारही सांगितल्या होत्या!

आणि मग स्वीडनमध्येच लक्षात आलं की यातल्या पुष्कळांच्या शरीरात लोह कमी असतं. १९५३ साली नॉर्डलँडर यांनी लोह देऊन गुण येतो हे दाखवलं. आज डॉक्टर पहिल्यांदा तपासतात ते फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी हा साठा रिता असू शकतो. गरोदरपण आणि मूत्रपिंडाचा आजार हीसुद्धा कारणं आहेत. काही घराण्यांतच हा त्रास असतो. आणि सर्दी-ॲलर्जीची झोप आणणारी काही औषधं, उलटीवरची काही औषधं आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या यांनी तो वाढतो. म्हणजे झोप यावी म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळीच पाय जास्त वळवळवू शकते.

गांजा आणि हे पाय वैद्यकाच्या कागदावर एकत्र आले ते अगदी अलीकडे. २०१७ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची हकिगत छापली. इतर औषधांनी भागलं नव्हतं, गांजानं आराम पडला, असं त्या रुग्णांनी आपणहून सांगितलं होतं. नंतर आणखी काही रुग्णांची भर पडली. ही हकिगत खोटी मानायचं कारण नाही. पण सहा माणसांचं सांगणं म्हणजे चाचणी नव्हे. ब्राझीलमध्ये कंपवाताच्या रुग्णांवर गांजातल्या कॅनाबिडिऑल या घटकाची चाचणी झाली, तिथे पायांच्या त्रासात बनावट औषधापेक्षा फरक दिसला नाही. आणि रोज गांजा घेणाऱ्याला मात्रा वाढवावी लागते, सोडला की झोप आणखी उडते, हेही नोंदलेलं आहे.

आता रकान्याकडे येऊ. १८९३ साली वेडाच्या कारणापुढे घाईनं 'गांजा' लिहिलं गेलं. आज आपल्या घरात उलटं होतं. आजीची झोप गेली, तिथे कारणाचा रकाना आपण कोराच ठेवतो आणि उपायाच्या रकान्यात 'गांजा' लिहितो. किंवा लिहितो, 'वय झालं', 'दिवसभर आवणीला वाकली होती', 'वात आहे'. ओर्ताच्या सरदारांपासून आजवर या वनस्पतीकडे झोप मागितली गेली. झोप का गेली हे विचारणारे थोडे.

आणि राजूरसारख्या ठिकाणी हा प्रश्न पुस्तकी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. त्या सगळ्यांचे पाय वळवळतात असं नाही. पण ज्यांचे वळवळतात, त्यांच्यातल्या किती जणींना कोणी विचारलं असेल, "आडवं झाल्यावर पायांना काय होतं?" बायका हे डॉक्टरला सांगत नाहीत, कारण सांगण्यासारखं दुखणंच नाही असं त्यांना वाटतं. दुखत नाही ना, मग आजार कसला!

तेव्हा त्या बाबांना आमचं उशिरा आलेलं उत्तर असं. बाबा, पूर्वीची माणसं घेत होती, हे खरं. ती झोपेसाठी घेत होती, हेही खरं. पण त्यांच्याकडे रक्ताची तपासणी नव्हती, तुमच्याकडे आहे. आजींना ग्रामीण रुग्णालयात घेऊन जा, चारही खुणा याच शब्दांत सांगा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आणि फेरिटिन बघायचं का, असं विचारा. लोहाच्या गोळ्या मनानं सुरू करू नका. सिकलसेल असलेल्या घरात तर मुळीच नको. गोळ्या लागल्याच तर त्या चहाबरोबर घेऊ नका. आणि लोह भरूनही पाय थांबले नाहीत, तर त्यावर दुसरी औषधं आहेत, ती डॉक्टर देतील.

पुढेमागे गांजातून मोजून देता येईल असं औषध निघालं आणि ते चाचणीत टिकलं, तर आम्ही याच जागी उभं राहून त्याचं स्वागत करू. विजयेशी आमचं वैर नाही. फक्त तोवर आजीच्या नावापुढचा रकाना कोरा राहू नये, आणि घाईनंही भरला जाऊ नये.