डोंगराच्या पलीकडं पडलं

‘इतिहासाच्या पीएचडीत उडत्या तबकड्या कुठून आल्या?’ असं मला बरेच जण विचारतात. उत्तर आमच्या आष्टीच्या गच्चीपासून सुरू होतं.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमारास गल्लीत आरडाओरडा झाला म्हणून आम्ही वर पळालो. लांब, खालच्या अंगाला, ठिणग्यांची रांग सावकाश सरकत होती. शेजारचे काका म्हणाले, विमान पेटलंय. त्यांचा मुलगा म्हणाला, यूएफओ! आज्जी म्हणाली, स्कायलॅबच ते. आणि आई म्हणाली, “डोंगराच्या पलीकडंच पडलं बघ.”

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं सुमारे ३ मीटर व्यासाचं कडं सापडलं. आष्टीपासून सरळ रेषेत ५०० किलोमीटरच्या आसपास! चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचे ते अवशेष, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. उल्का सहसा एक-दोन सेकंदांत विझते. रॉकेटचा तुकडा तिच्यापेक्षा कमी वेगानं, जवळजवळ आडवा येतो, म्हणून बराच वेळ दिसतो. तो जळतो साधारण ८० किलोमीटर उंचीवर, त्यामुळे निम्म्या राज्याला वाटतं की आपल्याच शिवारात पडला.

म्हणजे गच्चीवरचे सगळे चुकले. पण माझ्या कामाला त्या चुकाच उपयोगी. आज्जीच्या तोंडी स्कायलॅब आलं, कारण जुलै १९७९ मध्ये ती अमेरिकी प्रयोगशाळा कोसळणार म्हणून सगळा देश धास्तावला होता. पडली ती ऑस्ट्रेलियात, शब्द मात्र आमच्याकडे राहिला. ‘तबकडी’चंही तसंच. जून १९४७ मध्ये केनेथ अरनॉल्ड या अमेरिकी वैमानिकानं नऊ चमकत्या वस्तू पाहिल्या. पाण्यावर बशी भिरकावल्यावर ती जशी टप्पे घेत जाते, तशी त्यांची चाल होती, असं त्याचं म्हणणं. वर्तमानपत्रांनी चालीचा आकार करून टाकला, आणि मग लोकांना बशाच दिसू लागल्या.

थोडक्यात, अशा बातमीत आकाश कमी आणि बघणाऱ्याचा काळ जास्त सापडतो.

इथपर्यंत गंमत आहे. पण २०२४ च्या पावसाळ्यात बीड-जालन्याकडे रात्रीचे ड्रोन दिसू लागले, तेव्हा कुणी तबकडी म्हटलं नाही. ‘चोर टेहळणी करतायत’ असं म्हटलं, आणि गावोगाव रात्रीचे पहारे बसले. मला लगेच धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवलं. १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारे समजून तिथं जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागत फिरणारे. तिथं आकाशात काहीच नव्हतं, होती ती फक्त मोबाईलवरची अफवा.

म्हणून अशी प्रत्येक बातमी वाचताना मी आता दोन प्रश्न विचारतो. वर काय होतं? आणि खाली संशय कुणावर गेला? पहिल्याचं उत्तर खगोलवाले देतात. दुसऱ्याचं शोधणं हे माझं काम.