अक्षीचा दगड: ९३४ की ११३२?

मराठीतला पहिला शिलालेख कोणता, असं विचारलं की पुष्कळांच्या तोंडी झटकन श्रवणबेळगोळ येतं. शाळेत तसंच शिकलो ना! पण गोमटेश्वराची मूर्ती दहाव्या शतकाअखेरची असली, तरी तिच्या पायाशी ज्या गंगराजाचं नाव कोरलं आहे तो बाराव्या शतकातला. तेव्हा पहिलेपणाचा मान अक्षीकडे आला.

अक्षी अलिबागजवळ. आम्हा नवी मुंबईकरांना पनवेल-पेणवरून सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्यासारखं. विद्यार्थ्यांना नेलं की पोरं आधी खालच्या गाढवाकडे पाहून हसतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी, हा गद्धेगाळ. शिलाहारांच्या मुलखात असे दगड पुष्कळ. लेख आहे पश्चिम समुद्राचा अधिपती म्हणवणाऱ्या केसिदेवरायाच्या वेळचा. त्याच्या प्रधानानं महालक्ष्मीच्या बोडणासाठी धान्य लावून दिलं, असा त्याचा अर्थ लावतात. बोडण! कित्येक कोकणस्थ घरांत तो कुळाचार अजून चालतो.

डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी साल वाचलं शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२. अलीकडे शके ११३२, म्हणजे इ. स. १२१०, असंही वाचन पुढे आलं आहे. फरक १९८ वर्षांचा! राजाचं नाव मदतीला घ्यावं, तर शिलाहारांत केसिदेव दोन. पहिला, म्हणजे अरिकेसरी, बहुतेक वंशावळींत १०१५ च्या सुमारास गादीवर येतो. त्याचा ठाण्याचा ताम्रपट शके ९३९ चा. दुसरा तेराव्या शतकातला. ९३४ ला राजा जरा उशिरा येतो, ११३२ ला बरोबर बसतो. मला तरी हा मुद्दा वजनदार वाटतो.

नॉर्वेत २०२१ मध्ये रून लिपीचा एक दगड कबरीत सापडला. तिथली जळकी हाडं आणि कोळसा तपासून तो इसवी सनाच्या पहिल्या अडीचशे वर्षांतला असल्याचं २०२३ साली जाहीर झालं. अक्षीचा दगड रस्त्याकडेला ऊनपाऊस खात पडला होता. त्याला कोळसा कुठला? साक्ष द्यायला झिजलेले आकडेच.

११३२ खरं ठरलं, तर मान जातो सोलापूर जिल्ह्यात, भीमा-सीनेच्या संगमावरच्या हत्तरसंग कुडलला. तिथला लेख शके ९४० चा. अलिबागकरांना हे रुचत नाही, आणि ते साहजिकच आहे. तुम्ही अक्षीला गेलात तर सकाळचं तिरपं ऊन गाठा; भर दुपारी अक्षरं दिसत नाहीत.