यात्रेची वाट आणि वाटेची जबाबदारी

माणदेशातील आटपाडीला आजही रेल्वे नाही. एकेकाळी औंध संस्थानात असलेल्या या दुष्काळी मुलुखापासून पंढरपूर मात्र फार लांब नाही. आषाढी-कार्तिकीला इथली वाट पंढरीकडे वळते. लाखो माणसे एकाच दिवशी, एकाच ठिकाणी येतात, तेव्हा त्यांना सुखरूप नेण्याआणण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न म्हणूनच या भागाला परका नाही. इतिहासाने त्याला वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

पहिले उत्तर वारकऱ्यांचे. सातारा जिल्ह्यातील आरफळचे हैबतबाबा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले. रथापुढे कोणत्या दिंड्या, मागे कोणत्या, हे क्रमांकाने ठरलेले, मुक्काम ठरलेले. समाज-आरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की अफाट जनसमुदाय निःशब्द होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात आणि निवाडा तेथल्या तेथे होतो. या व्यवस्थेचे आणखी एक मर्म आहे. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर पायी कापण्यास अडीच आठवड्यांहून अधिक काळ लागतो. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशा मुक्कामांवर गर्दी स्थळाने आणि काळाने विभागली जाते. चालण्याची गती हाच तिचा लगाम असतो.

हा लगाम वाहनांनी सैल केला. कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. अडीच फूट रुंदीच्या या चिमुकल्या मार्गाचा फाटा १९०६ साली पंढरपुरास पोहोचला आणि १९२७ साली सांगोला, ढालगाव या बाजूने मिरजेस जाऊन भिडला. ज्यांना चालवत नव्हते, अशांनाही पंढरी जवळ आली, हे मोठे पुण्यकर्मच झाले. परंतु दिवसांत पांगलेली गर्दी आता तासांत येऊ लागली. पुढे एस.टी.ने आषाढीसाठी हजारो जादा गाड्या सोडल्या, तेव्हा शहराबाहेर तात्पुरती बसस्थानके उभारून प्रवाशांना विभागवार उतरविण्याची पद्धत पडली. पायी वारीत जे आपोआप घडत होते, ते आता मुद्दाम घडवावे लागले.

येथे रोमचा इतिहास आठवतो. १३०० साली पोप बोनिफास आठवे यांनी जाहीर केलेल्या ज्युबिली वर्षी सांत आंजेलो पुलावर यात्रेकरूंची इतकी दाटी झाली, की जाणाऱ्यांना एक बाजू आणि येणाऱ्यांना दुसरी बाजू नेमून देण्यात आली. कवी दान्तेने 'इन्फर्नो'च्या अठराव्या सर्गात या व्यवस्थेचा दाखला दिला आहे. मात्र १४५० च्या ज्युबिलीत डिसेंबर महिन्यात त्याच पुलावर चेंगराचेंगरी होऊन सुमारे दोनशे माणसे मृत्युमुखी पडली. पोप निकोलस पाचवे यांनी त्यानंतर पूल अरुंद करणारी दुकाने पाडून टाकली.

या घटनेला साडेपाचशे वर्षे उलटली, आणि २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेस, वाईजवळील मांढरदेवीच्या डोंगरावर तेच घडले. अरुंद चढणीची वाट, दुतर्फा दुकाने, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, त्यातच दुकानांना लागलेली आग. दोनशे नव्वदहून अधिक भाविक प्राणास मुकले. शासनाने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला.

अशा प्रसंगी कोणी दैवाला बोल लावतो, कोणी भाविकांच्या अडाणीपणाला. पण रोमचे यात्रेकरू आणि मांढरदेवीचे यात्रेकरू यांच्यात भाषा, धर्म, शतक काहीही समान नव्हते. समान होती ती वाट: अरुंद, दुकानांनी दाटलेली, जाण्यायेण्याच्या रेट्याला अपुरी. श्रद्धा माणसाला देवाच्या दारी आणते; चेंगरून मारते ती कोणीतरी मोकळी ठेवायला हवी होती ती वाट. यात्रेची तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. म्हणूनच तिची गर्दी अनपेक्षित होती, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही, पुजाऱ्याला, पुढाऱ्याला वा अधिकाऱ्याला, उरत नाही.