मध्यदृष्टी उणावल्यानंतरचे वाचन : केवळ भिंग पुरेसे नाही

दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेला मॅक्युला हा अवघ्या काही मिलिमीटरांचा भाग वाचनाचे जवळजवळ सर्व काम करतो. वाढत्या वयात होणाऱ्या मॅक्युलर डीजनरेशनमध्ये, तसेच बहुधा लहान वयातच सुरू होणाऱ्या स्टारगार्ट या आनुवंशिक विकारात नेमका हाच भाग निकामी होत जातो. रुग्ण घरात वावरू शकतो, बाजूने येणारी व्यक्ती त्याला जाणवते. मात्र ज्या अक्षरावर नजर रोखावी तेच पुसट होते किंवा नाहीसे होते. अमेरिकेत ४० वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे २ कोटी लोकांना मॅक्युलर डीजनरेशन कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर आहे, असा २०१९ या वर्षासाठीचा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे १५ लाख रुग्ण प्रगत अवस्थेतील आहेत.

उपचारांत गेल्या दोन दशकांत मोठी भर पडली. या विकाराच्या ‘ओल्या’ प्रकारावर २००६ पासून डोळ्यात द्यावयाची प्रभावी इंजेक्शने उपलब्ध झाली. ‘कोरड्या’ प्रकाराच्या प्रगत अवस्थेची गती मंदावणाऱ्या दोन औषधांना अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तथापि, नष्ट झालेल्या पेशी या उपचारांनी पुन्हा निर्माण होत नाहीत. त्यामुळे उरलेल्या दृष्टीने वाचायचे कसे, हा प्रश्न वैद्यकीय उपचारांनंतरही शिल्लक राहतो.

कडेच्या दृष्टीचा वापर

मध्यभाग निकामी झाला, तरी भोवतालचे दृष्टिपटल बहुधा कार्यक्षम असते. अनेकांचा मेंदू त्यातील एखादी जागा आपोआप निवडतो. इतरांना ती शोधावी लागते. त्यासाठी एखादा शब्द घड्याळाच्या तबकडीच्या मध्यभागी आहे अशी कल्पना करतात आणि नजर क्रमाने १२, ३, ६ व ९ या आकड्यांकडे वळवतात. ज्या दिशेला पाहिल्यावर मधला शब्द सर्वांत स्पष्ट दिसतो, ती दिशा सरावाने पक्की केली जाते.

पुढची पायरी म्हणजे नजर त्याच जागी स्थिर ठेवून पुस्तक किंवा पडद्यावरील ओळ उजवीकडून डावीकडे सरकवणे. डोळे हलवण्याऐवजी मजकूर हलवला की सापडलेली जागा सुटत नाही. कडेच्या दृष्टीला मर्यादाही आहेत. तेथे बारकावे कमी दिसतात आणि शेजारशेजारची अक्षरे एकमेकांत मिसळल्यासारखी भासतात. म्हणून पूर्वीचा वेग सहसा परत येत नाही. पत्र, औषधाची चिठ्ठी, बातमी वाचण्याइतकी क्षमता मात्र अनेकांना मिळवता येते.

अक्षर किती मोठे असावे?

मिनेसोटा विद्यापीठातील गॉर्डन लेग यांनी १९८० च्या दशकापासून वाचनाच्या दृष्टिविज्ञानाचा पद्धतशीर अभ्यास केला. प्रत्येक वाचकाच्या बाबतीत अक्षरांचा एक निर्णायक आकार असतो. त्याहून लहान अक्षरांत वाचनाचा वेग झपाट्याने घसरतो, तर त्याहून मोठ्या अक्षरांत तो फारसा वाढत नाही. जेमतेम ओळखता येणारे अक्षर पुरेसे नसते. सुलभ वाचनासाठी साधारणतः त्याच्या किमान दुप्पट आकार लागतो. उलटपक्षी, भिंगाची शक्ती अवाजवी वाढवल्यास एका वेळी मोजकीच अक्षरे दिसतात आणि वाक्याचा धागा तुटतो.

कॅमेऱ्याखाली पान ठेवून पडद्यावर मोठे करणारे यंत्र येथे उपयोगी पडते. अशा यंत्राचा पाया सॅन्टा मोनिकातील रँड कॉर्पोरेशनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅम्युएल जेनेन्स्की यांनी घातला. ते स्वतः अल्पदृष्टी असलेले गणितज्ञ होते. आज टॅब्लेटवरही हे काम होते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे अनेकांना सोयीची वाटतात. छापील पानासाठी कागदाजवळ आणलेला, डोळ्यांवर न येणारा दिवा खोलीतल्या दिव्यापेक्षा अधिक उपयुक्त ठरतो.

साधनासोबत प्रशिक्षण

अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने मॅक्युलाचे विकार असलेल्या ३२३ जणांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांना साधने देण्यात आली. एका गटाला त्याशिवाय प्रशिक्षकाचे मार्गदर्शन आणि घरी करावयाचा सराव मिळाला. सुधारणा दोन्ही गटांत झाली. परंतु ज्यांची दृष्टी २०/६३ पेक्षा कमी होती, त्यांना प्रशिक्षणाचा लाभ स्पष्टपणे अधिक झाला. सौम्य दोष असलेल्यांना साधने व मूलभूत मार्गदर्शन पुरेसे ठरले.

देवनागरीची वेगळी गरज

अमेरिकेतील दवाखान्यांत वाचनाची चाचणी सहसा इंग्रजीत होते आणि भिंगाची शक्तीही त्यावरूनच ठरते. मराठी ज्येष्ठांचे वाचन मात्र बहुतांशी देवनागरीत असते. ‘पत’ आणि ‘पंत’ यांत केवळ एका टिंबाचा फरक आहे. ‘दिन’ व ‘दीन’, ‘सुत’ व ‘सूत’ यांतील भेद शिरोरेषेच्या वर किंवा अक्षराच्या खाली असतो. ‘द्ध’ आणि ‘द्व’ ही जोडाक्षरे तर एकमेकांसारखीच दिसतात. त्यामुळे इंग्रजीवरून ठरलेला आकार मराठीस पुरेसा होईलच असे नाही. तपासणीस जाताना नेहमीच्या वाचनातले मराठी पुस्तक किंवा दैनिक सोबत नेऊन त्यावरच साधन पारखून घेणे हिताचे ठरते. पडद्यावर वाचताना ठळक, साधा टंक आणि ओळींत ऐसपैस अंतर ठेवून पाहावे.

खर्च आणि सोयी

भिंगे व तत्सम साधनांचा खर्च मूळ मेडिकेअर देत नाही. मात्र डॉक्टरांनी आवश्यकता नमूद केल्यास ऑक्युपेशनल थेरपिस्टकडील पुनर्वसन प्रशिक्षण भाग बी अंतर्गत मिळू शकते. पर्यटक व्हिसावर आलेल्या पालकांना मेडिकेअर लागू होत नाही. ग्रीन कार्डधारकांना ६५ वर्षांनंतर, अमेरिकेत सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्यावर, त्यात नोंदणी करता येते.

लायब्ररी ऑफ काँग्रेसची, १९३१ च्या कायद्याने सुरू झालेली राष्ट्रीय ग्रंथालय सेवा नेहमीचे छापील पान वाचू न शकणाऱ्या रहिवाशांना बोलकी पुस्तके व ती ऐकण्याचे यंत्र विनामूल्य पुरवते. त्यासाठी संपूर्ण अंधत्वाची अट नाही. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी सुलभ प्रतींची देशोदेशी देवाणघेवाण शक्य करणाऱ्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा २०१४ मध्ये पहिला देश ठरला. अमेरिका २०१९ मध्ये त्यात सामील झाली. मराठी मजकूर वाचून दाखवणारे आवाजही आता स्मार्टफोनवर उपलब्ध आहेत. दीर्घ मजकूर ऐकणे आणि मोजका मजकूर डोळ्यांनी वाचणे, ही विभागणी अनेकांना मानवते.

‘आता आणखी काही करता येणार नाही’ हे डॉक्टरांचे विधान बहुधा औषधोपचारांपुरते असते. अशा वेळी अल्पदृष्टी पुनर्वसन केंद्राकडे शिफारस करण्याची विनंती कुटुंबीयांनी स्पष्ट शब्दांत करावी, आणि तीही वाचनाची सवय सुटण्यापूर्वीच.