दारापूरचे दादासाहेब

अमरावतीत ‘दादासाहेब’ म्हटलं की आपल्या आजोबांच्या पिढीला खापर्डे आठवत. आपल्या पिढीला आठवतात ते रा. सू. गवई. १९९५ साली दहावी झालेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यातलं पहिलं मत १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत दिलं. त्या वर्षी अमरावतीतून गवई निवडून आले, शेजारच्या अकोल्यातून प्रकाश आंबेडकर. चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबईतून रामदास आठवलेही जिंकले. चारही मतदारसंघ खुले होते. काँग्रेसशी समझोता होता हे खरं, तरी राखीव जागेबाहेर रिपब्लिकन नेत्यांना असं यश क्वचितच मिळालं होतं.

ती लोकसभा जेमतेम तेरा महिने टिकली. दादासाहेबांचं मुख्य काम मात्र त्याच्या कितीतरी आधी, विधान परिषदेत झालं होतं.

३० ऑक्टोबर १९२९ रोजी दर्यापूर तालुक्यातल्या दारापूरला त्यांचा जन्म झाला. हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागलं तरी ते पिण्याजोगं असेल याची खात्री नाही. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षात ते दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली घडले. १९६४ मध्ये या पक्षाने भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून देशभर सत्याग्रह केला. त्याच वर्षी गवई विधान परिषदेत गेले आणि १९९४ पर्यंत तिथे राहिले.

विधान परिषद बरखास्त होत नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, हे आपण नागरिकशास्त्रात पाठ केलं होतं. पण अशा सभागृहात छोट्या पक्षाच्या माणसाने तीस वर्षं टिकायचं म्हणजे काय, हे पुस्तकात नव्हतं. संख्याबळ नसेल तर नियम माहीत असावे लागतात आणि समोरच्या बाकावरच्यांचाही विश्वास मिळवावा लागतो. गवईंनी तो मिळवला. १९६८ ते १९७८ ते उपसभापती होते. तेव्हा सभापती होते वि. स. पागे, रोजगार हमी योजनेचे जनक. १९७८ मध्ये गवई सभापती झाले आणि १९८२ पर्यंत त्या पदावर राहिले. पुढे विरोधी पक्षनेतेपदही त्यांनी सांभाळलं.

१९७८ हे वर्ष महत्त्वाचं आहे. २७ जुलैला दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव मंजूर केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. ठराव आणि अंमल यांत जवळजवळ सोळा वर्षं गेली. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात प्रोग्रॅम लिहून झाला म्हणजे तो चालू झाला, असं कोणी मानत नाही. कायदेमंडळाचंही तेच. मोर्चा लागतो, आणि सभागृहात चिकाटीने बसणारा माणूसही लागतो.

ही चिकाटी दीक्षाभूमीवरही दिसते. तिथल्या स्मारक समितीची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली. त्या भव्य स्तूपाचं उद्घाटन डिसेंबर २००१ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झालं.

उणी बाजूही सांगायला हवी. रिपब्लिकन पक्षाची शकलं झाली आणि प्रत्येक गटाला नेत्याचं नाव लागलं. त्यांत एक ‘गवई गट’ही होता. १९९८ ची एकजूट टिकली असती तर वऱ्हाडाचं राजकारण वेगळं दिसलं असतं, असं मला वाटतं. सगळ्या पक्षांशी जमवून घेणाऱ्या या माणसाला आपल्याच चळवळीतल्यांशी कायमचं जमवता आलं नाही.

पुढे ते राज्यसभेवर गेले, मग २००६ ते २००८ बिहारचे आणि २०११ पर्यंत केरळचे राज्यपाल झाले. केरळात लावलीन प्रकरणी मंत्रिमंडळाचा सल्ला बाजूला ठेवून त्यांनी पिनराई विजयन यांच्यावर खटला चालवायला परवानगी दिली, तेव्हा मोठं वादळ उठलं. पुढे विजयन यांना उच्च न्यायालयापर्यंत दिलासा मिळाला. त्यामुळे त्या निर्णयावर आजही दोन मतं आहेत.

२५ जुलै २०१५ रोजी नागपुरात त्यांचं निधन झालं. दहा वर्षांनी, मे २०२५ मध्ये, त्यांचे चिरंजीव भूषण गवई देशाचे सरन्यायाधीश झाले आणि सगळ्या वर्तमानपत्रांत अमरावतीचं नाव आलं. आपल्याला अभिमान वाटला, वाटायलाच हवा. त्या अभिमानात दारापूरहून निघून तीस वर्षं विधान परिषदेत काढणाऱ्या वडिलांचाही वाटा असू द्या.