हेलियमवरून झालेलं भांडण

मागच्या वेळी आपण सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या निबंधापाशी थांबलो होतो. त्यावरून आइनस्टाइननं भाकीत केलं, की वायू पुरेसा थंड केला तर त्याचे असंख्य अणू सर्वांत खालच्या एकाच अवस्थेत जमतील. पण त्या गणितातले अणू एकमेकांची दखलच घेत नाहीत. ना आकर्षण, ना प्रतिकर्षण. असा वायू आपल्याला मिळायचा कुठं?

जानेवारी १९३८ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन टिपणं आली. एक मॉस्कोहून कापित्सांचं, दुसरं केंब्रिजहून ॲलन आणि मायझनर यांचं. २.१७ केल्विनच्या खाली द्रव हेलियम अगदी बारीक फटींतूनही जवळजवळ विनाअडथळा वाहतं! (गंमत बघा, केंब्रिजची ती प्रयोगशाळा मुळात कापित्सांसाठीच बांधलेली. १९३४ मध्ये ते रशियाला गेले आणि सरकारनं त्यांना परत जाऊच दिलं नाही.)

नाझी जर्मनी सोडून पॅरिसला आलेल्या फ्रिट्झ लंडन यांना आइनस्टाइनचं ते जुनं भाकीत आठवलं. त्यांनी हिशेब केला, तापमान आलं ३.१ केल्विन. २.१७ नव्हे, पण फार लांबही नाही.

लेव लांडाउंना हे साफ नामंजूर. द्रवातले अणू एकमेकांना खेटलेले, त्यांना आदर्श वायूचं गणित कसं लावणार? मधल्या काळात, एप्रिल १९३८ मध्ये, त्यांना अटक झाली. वर्षभरानं कापित्सांनी हमी देऊन त्यांना सोडवलं. १९४१ मध्ये लांडाउंनी आपला सिद्धांत मांडला, आणि बोस-वायूची कल्पना त्यात बाजूलाच सारली. त्यांची कसोटी अशी: ठरावीक वेगाखाली प्रवाह द्रवात हालचाल उठवूच शकत नाही, म्हणून घर्षण नाही.

आता हीच कसोटी आपण आदर्श वायूला लावू. ती वेगमर्यादा शून्य येते! म्हणजे नुसतं एका अवस्थेत जमून भागत नाही. १९४७ मध्ये बोगोल्युबोव यांनी बोस यांच्या वायूत थोडं प्रतिकर्षण घातलं, तेव्हा अणू सुटे न हलता ध्वनिलहरीसारखे मिळून हलू लागले आणि मर्यादा शून्याच्या वर गेली. लंडन यांचा जमाव हवाच होता, पण त्याला अतिप्रवाही केलं ते आपसातल्या धक्काबुक्कीनं. आमच्या मते या कथेतलं सर्वांत कमी ऐकलेलं नाव बोगोल्युबोव यांचंच.

ही धक्काबुक्की वरचढ झाली तर काय होतं, ते २००२ मध्ये म्युनिकला दिसलं. लेसरच्या प्रकाशाची जाळी खोल करत नेली, तसे रुबिडियमचे अणू आपापल्या खळग्यात अडकून बसले. जाळी पुन्हा उथळ केली, प्रवाहीपणा परत आला. पुढच्या वेळी आपण तिथूनच सुरू करू.